सबरूटीन की प्रोसिजर?

निपाणीच्या बिडी-धंद्यात मजुरी हजारी दराने ठरते. कामगार स्त्रीने आणलेल्या बिड्या मोजावयाच्या, खराब निघालेल्या बाजूस काढावयाच्या, उरलेल्या संख्येवर हजारी दर लावावयाचा व कपात वजा करून रक्कम मांडावयाची, असा हा हिशेब असतो. शंभर स्त्रिया असल्या तरी हिशेबाची रीत एकच. तेव्हा संगणकाला ती शंभर वेळा सांगण्याचे कारण नाही. ती एकदा लिहून ठेवावी आणि लागेल तेव्हा तिला पाचारण करावे, हे बरे.

ही कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठातील एड्सॅक हे यंत्र १९४९ साली चालू झाले. अशा वेगळ्या लिहिलेल्या तुकड्याचे काम संपल्यावर यंत्राने मूळ जागी परत कसे यावे, याची युक्ती तेथे डेव्हिड व्हीलर यांनी बसविली. या तुकड्यास सबरूटीन म्हणतात. पुढे अल्गोल ६० या भाषेने प्रोसिजर ही अधिक बंदिस्त रचना रूढ केली.

दोहोंतील भेद पाहावयाचा तर बीबीसी मायक्रो हा संगणक सोयीचा आहे. भारतातील शाळांसाठी १९८४ साली निघालेल्या ‘क्लास’ योजनेत हाच संगणक दिला गेला होता. त्याच्या बेसिक भाषेत दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. ‘गोसब’ म्हणून ओळीचा क्रमांक सांगितला की सबरूटीन चाले. ‘प्रोक’ म्हणून नाव घेतले की प्रोसिजर चाले.

पण खरा भेद नाव वा क्रमांक यांत नाही. तो मालकीत आहे. सबरूटीनला स्वतःचे कप्पे नसतात. सगळ्या प्रोग्रॅमची फडताळे त्याला उघडी असतात. समजा, मुख्य प्रोग्रॅम कामगारांचा अनुक्रमांक ‘न’ या कप्प्यात ठेवतो आणि सध्या तेथे ७ आहे. सबरूटीनमध्ये बिड्यांच्या जुड्या मोजण्यासाठीही नजरचुकीने ‘न’च वापरला. जुड्या भरल्या १२. परत आल्यावर ‘न’मध्ये १२ असतो. सातवीची मजुरी बारावीच्या नावावर चढते, आणि पुढची पाळी थेट तेरावीची येते. मधल्या स्त्रियांची ओळच राहून जाते. यंत्र मात्र चुकीचा इशाराही देत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काहीच चुकलेले नसते.

प्रोसिजरमध्ये ‘न’ हा स्थानिक कप्पा म्हणून जाहीर करता येतो. काम संपताच बाहेरचा ‘न’ पूर्ववत ७ असतो. शिवाय बिड्यांची संख्या व दर ही माहिती कंसातून हाती देता येते. सीमाभागातील मजुरीची पावती मराठीत छापावयाची की कन्नडमध्ये, हेही असेच सांगता येते. त्यासाठी दोन वेगळे तुकडे लिहावे लागत नाहीत.

मग सबरूटीन टाकाऊ काय? तसे नाही. प्रोग्रॅम पानभराचा असेल, लिहिणारा एकच असेल आणि सारे कप्पे डोळ्यांसमोर असतील, तर ते पुरते. प्रोग्रॅम वाढणार असेल किंवा उद्या दुसऱ्याच्या हाती जाणार असेल, तर प्रोसिजरच निवडावी.

नावाने मात्र फसू नये. १९५८ च्या फोरट्रान दोनमध्ये ‘सबरूटीन’ नावाच्या रचनेला माहिती कंसातून देता येते व तिचे स्वतःचे कप्पेही असतात. म्हणजे गुणाने ती प्रोसिजरच होय. बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचा विद्यार्थी सी भाषा शिकतो, तेव्हा त्याला दोहोंच्या जागी केवळ ‘फंक्शन’ भेटते. भाषा कोणतीही असो, विचारावयाचे प्रश्न दोनच: या तुकड्याला काय द्यावयाचे, आणि तो बाहेरचे काय बदलू शकतो? यांची उत्तरे आधी लिहून ठेवली, तर सातवीची मजुरी सातवीच्याच हाती पडेल.