जुन्या जीपची तेलगळती घरीच थांबवा

शेतकरी बंधूंनो, १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. परभणी जिल्ह्यात तुमच्या वाड्यात अशी जुनी जीप असेल, तर तिच्याखालचा तेलाचा डाग रोज पाहा. तेल कमी पडले की बेअरिंग जाते, आणि मग खर्च सीलचा नव्हे, इंजिनाचा होतो.

आधी इंजिनाचा ब्रीदर साफ करा. तो धुळीने तुंबला तर आतला दाब चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो. तरी पुलीमागून गळत असेल, तर पुढचा सील बदला.

चाकांना उटी लावा, बॅटरीची वायर सोडा, पाणी काढून रेडिएटर उतरवा. पुली पुलरनेच ओढा, हातोडा मारू नका. कव्हर काढून जुना सील ठोकून बाहेर घ्या आणि दुकानात नमुना म्हणून न्या. नव्या सीलची स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे ठेवा, ओठाला तेल लावा, लाकडी ठोकळ्याने सारखा बसवा. कव्हरचे पॅकिंगही नवे घाला. पुलीच्या दांड्यावर चर पडली असेल, तर नवा सीलही गळेल. ती आधी दुरुस्त करून घ्या.

तेल क्लचजवळून टपकत असेल, तर मागचा सील समजा. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ते काम मिस्त्रीचे.

काढलेले तेल मात्र विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका.