न झालेल्या विमानप्रवासाचे कर

पर्लकोटा नदीचें पाणी पुलावर चढल्यामुळें भामरागडचा बाहेरील जगाशीं संबंध तुटल्याचे प्रसंग कित्येक पावसाळ्यांत घडले आहेत. अशा दिवशीं तेथील एखाद्या कुटुंबानें मुंबईच्या विमानाचीं तिकिटें काढून ठेविलीं असलीं, तर विमान नागपुराहून वेळेवर निघून जातें आणि प्रवासी पुराच्या अलीकडे उभे राहतात. तिकीट सवलतीचें होतें, आतां पैसे बुडाले, असें म्हणून बहुतेक लोक स्वस्थ बसतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशांत, जेथून विमानतळ गांठणें हाच एक प्रवास, तेथें ही समजूत विशेष महाग पडते. कारण ती अर्धीच खरी आहे.

तिकिटाची किंमत ही एकजिनसी रक्कम नव्हे. तींतील मूळ भाडें व इंधन-अधिभार हे विमानकंपनीचे स्वतःचे. परंतु तिकिटावर 'यूडीएफ' म्हणून छापलेलें विमानतळाचें शुल्क आणि सुरक्षा शुल्क हीं कंपनी केवळ दुसऱ्यासाठीं वसूल करते. सुरक्षा शुल्क 1 एप्रिल 2021 पासून देशांतर्गत प्रवाशामागें 200 रुपये ठरविण्यांत आलें. हीं शुल्कें प्रवास करणाऱ्यावर आहेत, नुसतें तिकीट घेणाऱ्यावर नव्हेत. जो विमानांत चढलाच नाहीं, त्याचीं शुल्कें कंपनीच्या तिजोरींत राहिलीं, तर तो तिचा आयता लाभ होय.

हा लाभ बंद करण्यासाठींच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानें 2008 सालीं परताव्याचे नियम केले व 1 ऑगस्ट 2016 पासून ते सुधारून लागू केले. तिकीट रद्द केलेलें असो, वा प्रवासी वेळेवर पोंचलाच नसो, वैधानिक कर व विमानतळाचीं शुल्कें परत दिलीं पाहिजेत. मूळ भाडें परत न मिळणाऱ्या सवलतीच्या तिकिटासही हें लागू आहे. रद्द करण्याचा आकार मूळ भाडें अधिक इंधन-अधिभार यांहून जास्त असतां कामा नये. तिकीट दलालाकडून घेतलें असलें तरी परताव्याची जबाबदारी कंपनीचीच.

समजा, तिकीट 4,900 रुपयांचें. त्यांत भाडें 4,000, वस्तू व सेवा कर 200 आणि शुल्कें 700. भाडें कंपनीनें कापून घेतलें, तरी 700 रुपये परत यावयास हवेत. चौघांचे 2,800 होतात. वस्तू व सेवा कराची गोष्ट मात्र किंचित् निराळी. कापून ठेविलेल्या रकमेवरही तोच कर लागतो, असा खुलासा केंद्रीय कर मंडळानें 3 ऑगस्ट 2022 रोजीं केला. म्हणून भाड्यावरील 200 रुपयांची आशा न धरलेली बरी.

विमान चुकलेल्या प्रवाशास हा परतावा पुष्कळदां मागितल्यावांचून मिळत नाहीं. तिकिटावरील सहा अक्षरी क्रमांक देऊन कंपनीकडे लेखी मागणी करावी व करांचा तपशील मागावा. उत्तर न आल्यास 2016 सालीं सुरू झालेल्या 'एअरसेवा' या सरकारी व्यवस्थेकडे तक्रार नोंदवितां येते. तेथेंही निभाव न लागल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 उपयोगी पडतो. पूर्वी बहुधा कंपनीच्या गांवीं खेटे घालावे लागत. या कायद्यानें तक्रारदार जेथें राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगापुढें तक्रार मांडतां येते. पांच लाखांपर्यंतच्या व्यवहारास फी नाहीं. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, आणि तिकीट व पत्रव्यवहार जपून ठेविलेला असावा लागतो.