पुसद परिसरातील भाषिक व सांस्कृतिक विविधता

पुसद हे यवतमाळ जिल्ह्यातील एक शहर व तालुक्याचे मुख्य ठिकाण असून ते पैनगंगेची उपनदी असलेल्या पूस नदीच्या काठी वसले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ७३ हजार होती. वऱ्हाडी मराठी, बंजारा समाजाची गोरबोली, दखनी वळणाची उर्दू, हिंदी व व्यापारी कुटुंबांच्या घरातील मारवाडी या भाषा येथे एकाच बाजारपेठेत कानी पडतात. मुंबईसारख्या महानगरातील बहुभाषिकता प्रामुख्याने बंदर व गिरण्यांमुळे वाढली. पुसदची बहुभाषिकता मात्र सरहद्द, बैलतांड्यांचा व्यापार आणि कापूस यांतून घडली आहे. या विविधतेचे पुरेसे प्रतिबिंब शासकीय नोंदींत मात्र उमटत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

वऱ्हाडावर इ.स. १४९० ते १५७४ या काळात इमादशाहीची सत्ता होती. पुढे तेथे मोगलांचा अंमल आला आणि १७२४ मधील साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजामाचा अधिकार प्रस्थापित झाला. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि पैनगंगा ही वऱ्हाड व हैदराबाद संस्थान यांच्यामधील सीमा ठरली. पूर्वी वाशीम जिल्ह्यात असलेला पुसद तालुका १९०५ च्या पुनर्रचनेत यवतमाळ जिल्ह्यास जोडला गेला. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला.

सीमेलगतच्या या स्थानामुळे येथील बोलीत वऱ्हाडी व मराठवाडी या दोन्हींच्या छटा आढळतात. ‘मला, तुला’ऐवजी ‘मले, तुले’ म्हणणे हे वऱ्हाडीचे ठळक लक्षण होय. दक्षिणेकडे पैनगंगा ओलांडली की हे रूप विरळ होत जाते.

प्रमुख लोकसमूह

शेतीवर उपजीविका करणाऱ्या मराठीभाषक जातींबरोबरच आंध ही अनुसूचित जमात या भागात मोठ्या संख्येने आहे. आंधांची भाषा मराठीच आहे. गोंड व कोलाम यांच्या मूळ भाषा, म्हणजे गोंडी व कोलामी, द्राविड कुलातील आहेत. कोलामांची वस्ती मुख्यतः जिल्ह्याच्या पूर्व भागात आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्यानंतर विदर्भातील इतर भागांप्रमाणे येथेही मोठा बौद्ध समाज उभा राहिला. मुस्लिम समाजाच्या बोलीत दखनी उर्दू व वऱ्हाडी यांची सरमिसळ दिसते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–१८६५) वऱ्हाडच्या कापसाला मोठी मागणी आली. पुढे या व्यापाराच्या विस्ताराबरोबर मारवाडी व गुजराती व्यापारी वऱ्हाडातील गावोगावी स्थिरावले.

बंजारा समाज

पुसद परिसराची स्वतंत्र ओळख सर्वाधिक प्रमाणात बंजारा समाजामुळे निर्माण झाली आहे. हा समाज स्वतःस ‘गोर’ अथवा ‘गोरमाटी’ म्हणवतो आणि समाजाबाहेरच्यांस ‘कोर’ म्हणतो. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून दूरवर वाहून नेणे हा त्याचा पूर्वापार व्यवसाय होता व त्यास ‘लदेणी’ असे नाव होते. रेल्वे व पक्क्या रस्त्यांमुळे हा व्यवसाय बुडाला आणि फिरते तांडे गावांलगत स्थिरावले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली काही प्रांतांत बंजाऱ्यांची नोंद झाली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला.

तांड्याचा प्रमुख ‘नायक’ व त्याचा सहायक ‘कारभारी’ होय. होळीची लेंगी गीते, टोपल्यांत गव्हाचे अंकुर वाढवून मुली साजरा करीत असलेला तीज हा सण, तसेच स्त्रियांचा फेटिया-कांचळीचा पोशाख ही या संस्कृतीची वैशिष्ट्ये आहेत. संत सेवालाल महाराजांची समाधी असलेले पोहरादेवी हे तीर्थक्षेत्र शेजारच्या वाशीम जिल्ह्यात आहे. राठोड, चव्हाण, पवार, जाधव ही आडनावे बंजारा समाजात आढळतात. यांपैकी काही मराठा व इतर समाजांतही असल्याने केवळ आडनावावरून समाज ओळखता येत नाही.

पुसद तालुक्यातील गहुली येथे जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक यांनी १९९१ ते १९९३ या काळात हे पद भूषविले.

गोरबोली व जनगणना

गोरबोली ही इंडो-आर्य कुलातील असून राजस्थानी बोलींशी तिचे जवळचे नाते आहे. आईस ‘याडी’ व भाकरीस ‘बाटी’ असे शब्द तीत आहेत. तिला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत, तर तेलंगणात तेलुगू व कर्नाटकात कन्नड लिपीत लिहिली जाते.

२०११ च्या जनगणनेत ‘लमाणी/लंबाडी’ ही मातृभाषा सुमारे ३२ लाख ७७ हजार जणांनी, तर ‘बंजारी’ सुमारे १५ लाख ८१ हजार जणांनी नोंदविली. ही दोन्ही नावे हिंदीच्या शीर्षकाखाली गणली गेल्याने सुमारे ४८ लाख ५८ हजार भाषकांची ही भाषा मुख्य यादीत दिसत नाही. याउलट सुमारे २९ लाख ८४ हजार भाषकांची गोंडी तेथे स्वतंत्र भाषा म्हणून नोंदलेली आहे.

सामाजिक वर्गवारीतही असाच भेद आहे. एकच समाज तेलंगणा व आंध्र प्रदेशात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती आणि महाराष्ट्रात विमुक्त जाती या प्रवर्गात मोडतो. महाराष्ट्रातही अनुसूचित जमातीचा दर्जा मिळावा, ही समाजाची मागणी आहे. आपल्या वाट्याच्या सवलती कमी होतील या भीतीने आदिवासी संघटनांचा तीस विरोध आहे.

सद्यःस्थिती

शाळा, महाविद्यालये व शासकीय व्यवहार यांमुळे मराठी ही सर्व समाजांची सामाईक भाषा झाली आहे. तांड्यांतील अनेक कुटुंबे ऊसतोड वा बांधकामासाठी पश्चिम महाराष्ट्र, पुणे व मुंबईकडे हंगामी स्थलांतर करतात. त्यामुळे पुसदकडील गोरबोली महानगरांच्या वस्त्यांतही ऐकू येते. शिक्षण घेतलेल्या घरांत मात्र मुलांशी मराठीत बोलण्याचा कल वाढत आहे. मराठीने शिक्षण व नोकरीची दारे उघडली हे खरे असले, तरी लेंगी व लग्नगीते ही मौखिक परंपरा घरातल्या बोलीवरच टिकून असते. ती बोली पुढच्या पिढीच्या तोंडी न राहिल्यास गीतांचा अर्थही हरपण्याचा धोका संभवतो.