आक्काची तुळस : पुणे ते सासवड

पहाटे अडीच

आज ज्येष्ठ वद्य एकादशी. माउलींच्या पालखीचा पुण्यातला मुक्काम संपला, आज सासवड गाठायचं. तीसेक किलोमीटरची वाट, त्यात दिवेघाट आणि वर एकादशीचा उपवास. आळंदी ते पंढरपूर या वाटचालीत पायांची खरी परीक्षा आजच होते, असं आमच्या दिंडीतली जुनी माणसं सांगतात.

आम्ही नाना पेठेतल्या एका शाळेत उतरलो आहोत. वर्गातले बाक भिंतीला लावलेले, मधे ओळीनं पथाऱ्या. नळावर बायकांची रांग या वेळेलाच लागते, कारण पुरुष उठायच्या आत अंघोळी उरकायच्या असतात. अंधारात बादल्यांचे आवाज, ओल्या लुगड्यांचा वास, कुणीतरी पायाच्या फोडाला हळद लावतंय.

ही वेळ आजीची. दिंडीत तिला सगळे आक्का म्हणत. ती सगळ्यांच्या आधी उठायची आणि झोपलेल्या प्रत्येक बाईच्या नावानं एकेक ओवी रचून तिला उठवायची. सुनेला घाबरणारी सासू, घोरणारी नणंद, पायात काटा मोडल्याचं निमित्त करून टेम्पोत बसलेली मावशी, कुणीच सुटायचं नाही. ज्या बाईवर ओवी व्हायची ती हसतच उठायची. जात्यावर बसून शिकलेली ही कला. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना मला प्रत्येक पानावर आक्काचा आवाज ऐकू येतो. त्या ओव्यांमधला विठ्ठल घरातला असतो, भाऊ असतो, त्याच्यावर रुसता येतं. आक्काही त्याला अरे-तुरेच करायची.

माघात ती गेली. आज तिच्या नावानं ओवी रचणारं कुणी नव्हतं. पण शेजारच्या पथारीवरच्या काकूंनी माझ्या अंगावरची गोधडी ओढली आणि म्हणाल्या, "ऊठ बया, आक्का असती तर आत्तापातूर तुझ्या नवऱ्याचासुद्धा उद्धार केला असता."

पहाटे चार

तुळस बांधायची वेळ. दिंडीची रचना ठरलेली असते. पुढे पताका, मग टाळकरी, मधे मृदंग, त्यामागे वीणेकरी आणि वीणेच्या मागे डोक्यावर तुळस आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या बाया. मला कळायला लागल्यापासून आमच्या दिंडीतली तुळस आक्काच्या डोक्यावर होती. तिच्या तेराव्याला वीणेकरीबुवा आले, जेवले आणि हात धुताना वडिलांना म्हणाले, "जागा मोकळी ठेवायची नसती. कोण येतंय?"

आमच्याकडे यंदा वर्षभर सण नाहीत. गुढीसुद्धा उभारली नाही. मग वारी कशी चालेल, असं भावकीत कुणीतरी विचारलंच. वडील एवढंच म्हणाले, "सण येगळा, नेम येगळा." मी शाळेत रजेचा अर्ज दिला.

शेवटच्या दिवसांत आक्का फार बोलत नव्हती. जे बोलली ते कामाचं बोलली. तुळशीला काळी माती घालू नका, ती पाणी धरते, दुपारी मान मोडते. तांबडी घाला. चुंबळ नव्या कापडाची नको, ते सरकतं. माझ्या जुन्या नऊवारीची करा. मी दोन्ही ऐकलं आहे. वृंदावन पितळी, आतली माती तांबडी, चुंबळ तिच्या अंजिरी लुगड्याची.

सकाळी सहा

कर्णा तीनदा वाजतो. तिसऱ्याला पालखी हलते. भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरातून माउली निघतात, नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबापासून तुकोबाराय, आणि हडपसरपर्यंत पुण्याचा पूर्व भाग टाळांनी भरून जातो. रस्त्याच्या दोन्ही कडांना केळी, राजगिऱ्याचे लाडू, चहा, प्लॅस्टिकचे रेनकोट घेऊन माणसं उभी. एक सहा-सात वर्षांचा मुलगा सगळ्यांच्या पाया पडत होता. त्याच्या पाया पडणारे वारकरीही होतेच. वारीत ज्याला त्याला माउली म्हणायचं, वय विचारायचं नाही.

चालताना भजनाचा क्रम मोडत नाही. आधी मंगलाचरण आणि रूपाचे अभंग, मग भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगुळ, गौळणी. आक्काला अक्षरओळख नव्हती, पण हा क्रम तिच्या अंगात मुरलेला होता. एखादा नवखा टाळकरी पुढचा अभंग विसरला की मागून तिचा आवाज यायचा. तिच्या आनंदाबद्दल बोलताना लोक "मोकळ्या स्वभावाची होती" असं म्हणतात, ते मला अपुरं वाटतं. तिचा आनंद नेमाचा होता. टाळाचा ठेका चुकू द्यायचा नाही तसा हसरा चेहरा चुकू द्यायचा नाही, पाऊस असो, फोड असो. साताऱ्याजवळच्या आरफळचे हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी सरदार होते. त्यांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला फौजेसारखी शिस्त लावून दिली. ते आपल्या जिल्ह्याचे, याचा आक्काला केवढा अभिमान! शिस्त आणि फुगडी यांत तिला कधीच विरोध दिसला नाही.

सकाळी दहा

हडपसर. इथं दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. तुकोबाराय सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरकडे, माउली सासवड रस्त्यानं. फिरत्या स्वच्छतागृहांपुढे बायकांची मोठी रांग. रांगेत असताना तुळस शेजारच्या पोरीनं धरली.

दुपारी साडेबारा

वडकी नाल्याचा विसावा. दिंडीचा ट्रक पुढे येऊन थांबलेला, ताडपत्री ताणलेली. आज भगर आणि शेंगदाण्याची आमटी, ज्यांना हवी त्यांना साबुदाण्याची खिचडी. आक्का स्वतः कडक उपवास करायची, दिवसभरात दोन केळी. पण साखरेची गोळी घेणाऱ्या बाईनं उपवास धरला, तर ती तिच्यासमोर ताट घेऊन बसायची आणि ती जेवेपर्यंत उठायची नाही. "तू चक्कर येऊन पडलीस तर इठोबाला बोल लागंल," हे तिचं शास्त्र. आज ते काम मी केलं. खटावच्या एका मावशींना बळंच खिचडी खाऊ घातली. त्या खात खात रडायला लागल्या, आक्काची आठवण काढून. मग आणखी दोघी रडल्या. मीही. तेवढ्यात काकू पदर खोचत उभ्या राहिल्या. "घाट चढायचाय. आत्ता रडलीसा तर दम कुठनं आणणार? हात द्या."

आणि फुगडी सुरू झाली. आधी दोघी, मग चौघी, मग त्या मावशीही, तोंडातली खिचडी गिळत.

बाहेरून पाहणाऱ्याला हे खेळ वाटतात. शिकलेल्या घरांत मी असंही ऐकलं आहे की या बायकांना एरवी घरात मोकळीक नसते, म्हणून वारी ही त्यांची सहल. त्यात खोटं काही नाही. ज्या बाईला माहेरीही चार दिवसांपेक्षा जास्त पाठवलं जात नव्हतं, तिला वारी अठरा-वीस दिवस उंबऱ्याबाहेर नेत होती आणि त्याला कुणाची आडकाठी नव्हती. पण म्हणून तिची भक्ती उणी ठरत नाही. ज्या देवामुळे आपल्याला उघड्या आभाळाखाली हसता आलं, त्या देवावर जीव जडणार नाही तर कुणावर?

आक्काच्या वाट्याला हसण्यासारखं फार आलं नव्हतं. माण तालुक्यातलं कोरडवाहू रान. 1972 च्या दुष्काळात तिनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली, सरकारनं वाटलेली सुकडी पोरांना भरवली. एक मूल तिनं त्याच वर्षी गमावलं. तिची नणंद सांगायची, त्या कामावरही दुपारच्या सुट्टीत आक्का बायांना उठवून फुगडी घालायला लावायची. मुकादम ओरडायचा, "अंगात एवढी रग आहे तर चार पाट्या जास्त टाका." ती म्हणायची, "रग न्हाई म्हणून तर खेळतोय. बसलो तर उठायचो न्हाई."

दुपारी तीन ते सहा

दिवेघाट. चार-पाच किलोमीटरांची चढण. रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. ज्यांच्या जोडीला हा मान मिळतो ते शेतकरी बैलांशेजारून चालताना कुणाशी बोलत नाहीत, सगळं लक्ष जनावरांवर. खाली मस्तानी तलाव दिसतो. यंदा त्यात पाणी थोडंच आहे. वळणावळणावर कॅमेरे, डोंगराच्या उतारावर माणसंच माणसं, वर भगव्या पताकांची ओळ.

दुसऱ्या वळणाला माझी मान दुखायला लागली. तुळशीचं वजन तेवढंच असतं, पण चढावर ते मागे ओढतं. एक हात वृंदावनाला, एक कमरेला. इथं आक्काची युक्ती कामी आली. ती चढाकडे पाहायचीच नाही. पुढच्या बाईच्या टाचांकडे नजर ठेवायची आणि त्या टाचांशी गप्पा मारायची. "काय गं, घासलीस का नाही काल? पंढरीला अशीच जाणार का?" पुढची बाई वळून न बघता उत्तर द्यायची. अशी विनोदाची साखळी मागून पुढे जायची आणि रांग चढून जायची.

मी प्रयत्न केला. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. मी वर्गात चाळीस मुलांसमोर बोलते, पण एका अनोळखी बाईच्या टाचांची चेष्टा करायला वेगळं धैर्य लागतं. आधी तिच्यावर माया असावी लागते. मग बोलले काहीतरी, भेगांबद्दल. ती बाई परभणीकडची, दुसऱ्या दिंडीतली, गर्दीत आमच्यात मिसळलेली. क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, "भेगात तुझीच तुळस लावते की गं." आमची अख्खी ओळ हसली. आक्का कशाची श्रीमंत होती, ते मला त्या चढावर उमगलं.

तिसऱ्या वळणावर पाऊस आला. बारीक, तिरका. कुणी रेनकोट काढला नाही. मृदंगावर प्लॅस्टिक चढलं, टाळ तसेच चालू. वळण रुंद होतं तिथं वीणेकरीबुवा थांबले आणि मागे वळून म्हणाले, "आक्काचं ठिकाण आलं." इथं ती दरवर्षी तुळस दुसरीच्या डोक्यावर देऊन बुवांशीच फुगडी घालायची. सत्तरीतला माणूस, गळ्यात वीणा, खेळणार कसा? वीणा तर खाली ठेवता येत नाही. मग ते वीणा शेजाऱ्याच्या गळ्यात घालायचे, तिच्या पाया पडायचे आणि दोन फेरे घ्यायचे. आज त्यांनी तसंच केलं. वीणा दिली, मी तुळस दिली. बुवांचे हात थंडगार आणि खरखरीत. दोन फेरे झाले, पाय घसरता घसरता राहिला, टाळकऱ्यांनी नामाचा गजर केला. श्रद्धांजलीचं एकही भाषण झालं नाही. तिचा फोटो कुणी आणला नव्हता. रांग पुढे सरकत होती, आम्हीही सरकलो.

संध्याकाळी साडेसहा

घाटमाथा, झेंडेवाडीचा विसावा. हरिपाठ. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे अभंग आक्कानं मला लहानपणी भाकरी थापता थापता शिकवले. एक अभंग झाला की एक भाकरी तव्यावर. त्यामुळे अजूनही हरिपाठ म्हणताना माझे तळवे हलतात.

रात्री नऊ

सासवड. समाज आरती. मधे पालखी, भोवती गोल उभ्या दिंड्या, हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार दंड उंचावतात, आरोळी देतात आणि सगळे टाळ थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ मात्र वाजत राहतात; चोपदार तिथं जातात, ऐकून घेतात, मार्ग काढतात. मग हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवसाची वेळ सांगितली जाते आणि आरती होते. एवढ्या मोठ्या समुदायाचा कारभार रोज उभ्यानं चालवण्याची ही रीत मला फार मोठी वाटते. आज एक चष्मा, दोन पिशव्या आणि एक जोडवं पुकारलं गेलं.

रात्री साडेदहा

एकादशीचा जागर. तंबूत कीर्तन लागलं आहे. घरी फोन केला. वडिलांनी पहिला प्रश्न विचारला, "माती तांबडीच घातलीस ना?" दुसरा प्रश्न, "फुगडी झाली?" दोन्हीला हो म्हटल्यावर ते जरा थांबले आणि आईच्या हातात फोन दिला.

उद्या बारस. सासवडला मुक्काम आहे. सोपानकाकांची पालखी उद्या इथूनच पंढरीला निघेल. आमच्या दिंडीत पुरणपोळीचा बेत आहे आणि लाटायला बायका कमी आहेत. माझं नाव आक्काच्या पोळपाटावर लावून झालं आहे.

तुमच्यापैकी कुणी पुढच्या वर्षी दिवेघाटात फोटो काढायला येणार असाल, तर वडकीपासून आमच्याबरोबर चालत या. पाण्याची बाटली आणा, छत्री नको. घाटातल्या एखाद्या वळणावर ऐंशीची म्हातारी फुगडीसाठी हात पुढे करील, तेव्हा नको म्हणू नका.