पिनकोडची सरासरी

वर्गातल्या दहा मुलांना आपापल्या नातेवाइकांच्या गावांचे पिनकोड फळ्यावर लिहायला सांगा आणि मग त्या दहा संख्यांची सरासरी काढायला सांगा. बहुतेक मुले निमूटपणे बेरीज करून दहाने भागतील. उत्तरही बिनचूक येईल. पण या उत्तराचा अर्थ काय, असे विचारले की वर्ग गप्प होईल. मुंबईचा ४००००१ आणि पुण्याचा ४११००१ यांची सरासरी येते ४०५५०१. मुंबई-पुण्याच्या वाटेवरच्या लोणावळ्याचा पिनकोड मात्र आहे ४१०४०१. बेरीज चुकली नाही, भागाकार चुकला नाही. मग बिनसले कुठे?

बिनसले ते सुरुवातीलाच. पिनकोड अंकांत लिहिलेला असला तरी ती संख्या नाही, ते नाव आहे. त्यातील पहिला अंक टपालखात्याचा विभाग सांगतो आणि शेवटचे तीन अंक टपालकचेरी सांगतात. हजेरीपटावरील क्रमांक, एस.टी. गाडीचा नंबर, खेळाडूच्या पाठीवरचा आकडा हे सारे याच जातीचे. म्हणून माहिती हाती आली की आकडेमोडीला लागण्यापूर्वी आपण एक प्रश्न विचारायला हवा: ही माहिती कोणत्या प्रकारची आहे?

माहितीचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. उंची, वजन, घरातील माणसांची संख्या ही संख्यात्मक माहिती. मातृभाषा, रक्तगट, शाळेत येण्याचे साधन ही गुणात्मक माहिती. गुणात्मक माहितीतही दोन पोटभेद आहेत. रक्तगटांना क्रम नाही. 'अ' गट 'ब' गटापेक्षा मोठा नसतो. ही झाली नामदर्शक माहिती. परीक्षेतील श्रेणींना मात्र क्रम असतो. 'अ' श्रेणी 'ब'पेक्षा वरची, हे नक्की. पण कितीने वरची, हे श्रेणीवरून सांगता येत नाही. ही क्रमदर्शक माहिती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ साली ही विभागणी मांडली. संख्यात्मक माहितीचेही त्यांनी दोन भाग केले होते. ४० अंश सेल्सिअस तापमान २० अंशांच्या दुप्पट उष्ण नसते, पण ४० किलो वजन २० किलोंच्या दुप्पट असते, हा तो फरक.

याचा उपयोग लगेच दिसतो. नामदर्शक माहितीचे फक्त बहुलक काढता येते. क्रमदर्शक माहितीचा मध्यकही काढता येतो. मध्य, म्हणजे नेहमीची सरासरी, काढायची तर वजाबाकीला अर्थ असला पाहिजे.

आता आलेखांकडे वळू. स्तंभालेखाचा जनक म्हणून विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाचे नाव घेतात. १७८६च्या आपल्या पुस्तकात त्याने बहुतेक ठिकाणी काळानुसार चढउतरणाऱ्या रेषा काढल्या. पण स्कॉटलंडच्या व्यापाराची माहिती त्याच्याकडे एकाच वर्षाची होती. रेषा काढणार कशी? मग त्याने १७ देशांसाठी वेगवेगळे स्तंभ काढले. देश ही नामदर्शक माहिती. तिला साजेसा आलेख असा अडचणीतून जन्मला.

स्तंभालेखातील दोन स्तंभांमध्ये आपण मोकळी जागा सोडतो आणि आयतालेखात सोडत नाही, याचेही कारण हेच. १४० ते १४५ सें.मी. हा गट संपतो तिथेच पुढचा सुरू होतो. मराठी आणि कन्नड यांच्यामध्ये असा सांधा नाही. नामदर्शक माहितीचे स्तंभ उंचीनुसार लावले तर वाचायला सोपे जातात. क्रमदर्शक माहितीचा मूळ क्रम मात्र मोडू नये. आणि स्तंभाची सुरुवात शून्यापासूनच करावी, नाहीतर उंचीची तुलना फसवी होते.

एक खरे उदाहरण घेऊ. १४-१५ एप्रिल १९१२च्या रात्री 'टायटॅनिक' जहाज बुडाले. ब्रिटिश चौकशी अहवालानुसार जहाजावर २२०१ माणसे होती आणि ७११ वाचली. वाचलेल्यांची विभागणी अशी:

पहिला वर्ग: ३२५ पैकी २०३
दुसरा वर्ग: २८५ पैकी ११८
तिसरा वर्ग: ७०६ पैकी १७८
कर्मचारी: ८८५ पैकी २१२

जहाजावरील माणसांचा वृत्तालेख काढला तर पहिल्या वर्गाचा केंद्रीय कोन सुमारे ५३ अंश आणि दुसऱ्याचा ४७ अंश येतो. नुसत्या नजरेने यातला मोठा कोणता हे चटकन सांगता येत नाही. स्तंभांत हा फरक सहज दिसतो, कारण कोनांपेक्षा एका पातळीवरून उभ्या राहिलेल्या उंचींची तुलना डोळ्यांना सोपी जाते.

आता फक्त वाचलेल्यांचा स्तंभालेख काढा. सर्वांत उंच स्तंभ कर्मचाऱ्यांचा! म्हणजे कर्मचाऱ्यांनी आधी स्वतःचा जीव वाचवला का? उत्तर देण्यापूर्वी शतमान स्तंभालेख काढू. वाचलेल्यांचे प्रमाण पहिल्या वर्गात ६२ टक्के, दुसऱ्यात ४१, तिसऱ्यात २५ आणि कर्मचाऱ्यांत २४ टक्के. सर्वांत उंच स्तंभ आता सर्वांत बुटका झाला. आकडे तेच, पण पहिल्या आलेखाने शेकडो मृत कर्मचाऱ्यांवर अन्याय केला असता.

अजून एक चल घेऊ: स्त्री की पुरुष. मुलाबाळांसह धरले तर पहिल्या वर्गातील १४५ स्त्रियांपैकी १४१ वाचल्या, म्हणजे ९७ टक्के. तिसऱ्या वर्गातील १९६ पैकी ९०, म्हणजे ४६ टक्के. पुरुषांचे प्रमाण पहिल्या वर्गात ३४ आणि तिसऱ्यात १७ टक्के. 'आधी स्त्रिया' हे खरे, पण तिकिटाचा वर्गही तितकाच खरा. असे का झाले, हे आलेख सांगत नाही; त्यासाठी इतिहासाकडे जावे लागते. काय विचारायचे, ते मात्र आलेख दाखवतो.

हा प्रयोग आपल्या शाळेतही करता येईल. वर्षभरात शाळा सोडलेल्या मुलामुलींची संख्या इयत्तावार मांडा. आधी नुसत्या संख्येचे स्तंभ काढा, मग पटावरील संख्येशी टक्केवारी काढून शतमान स्तंभ काढा, मग मुलगे आणि मुली वेगळे करा. तिन्ही आलेख शेजारी लावून मुलांना विचारा, कोणत्या इयत्तेची काळजी आधी करायची? उत्तर बदलले, तर का बदलले ते त्यांनाच शोधू द्या.