बोरीवरचा कोशेटा आणि बेण्याची गोष्ट



बांध साफ करताना बोरीच्या फांदीला कोंबडीच्या लहान अंड्याएवढा, करड्या रंगाचा कोशेटा लोंबताना आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. हाताने ओढला तर सुटत नाही, दाबला तर दबत नाही. पोरं खेळायला घेतात आणि आपण विसरून जातो. पण ही वस्तू साधी नाही. सायक्स नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात दख्खनमधील या किड्यावर टिपण लिहिले. कोशेट्याची गोल गोल पट्टी कापून मराठे तिने तोड्याच्या बंदुकीची नळी लाकडी दस्त्याला बांधतात, अशी नोंद त्याने केली आहे. चामड्याच्या वादीलाही मागे टाकणारी ही पट्टी म्हणजे रेशीम आहे, टसर रेशीम!

पैठणी आपल्या जिल्ह्याची. तिचे रेशीम तुतीचा पाला खाणाऱ्या, घरात पाळलेल्या किड्याचे. टसरचा किडा मात्र रानातला. ऐन, अर्जुन, बोर अशा झाडांवर तो उघड्यावर वाढतो. त्याचा पतंग पंख पसरले की वीतभर भरतो आणि प्रत्येक पंखावर काचेच्या टिकलीसारखा एक डोळा असतो. गंमत अशी, की या एवढ्या मोठ्या पतंगाला खाताच येत नाही. जे काय खायचे ते अळीपणीच खाऊन घ्यायचे. पतंगाने बाहेर यावे, जोडी जमवावी, मादीने दीडदोनशे अंडी घालावीत आणि आठवड्याभरात संपून जावे, असा त्याचा जन्म.

महाराष्ट्रात हे पीक घेतले जाते ते गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर या भागात. तिथला ढिवर समाज मूळचा मासेमारी करणारा. पाऊस लागला की त्यातली अनेक कुटुंबे अंडी घेऊन ऐनाच्या रानात जातात. आठदहा दिवसांत अळ्या बाहेर पडतात, त्या झाडावर सोडायच्या. एका झाडाचा पाला संपला की अळ्या फांदीसकट कापून दुसऱ्या झाडावर न्यायच्या. अळी चार वेळा कात टाकते आणि महिना-सव्वा महिन्यात बोटापेक्षा लांब, हिरवीगार होते. तोवर राखणदाराला डोळा लावायला उसंत नाही. दिवसा कावळे, शिवाय मुंग्या, गांधीलमाश्या आणि अळीला सोंड खुपसून रस शोषणारे ढेकूण. शेवटी अळी रेशमाचा देठ काढून तो फांदीला कड्यासारखा गुंडाळते आणि त्याला टांगलेला कोष विणते. या कोषाच्या सुतातूनच भंडाऱ्याकडची करवतकाठी साडी विणली जाते.

इथवर झाली हकीकत. आपल्या कामाचा मुद्दा पुढे आहे.

कोष विकायचा असेल तर आतला जीव उष्णता देऊन मारावा लागतो. पतंग बाहेर पडला तर कोषाला भोक पडते आणि सलग धागा निघत नाही. पण सगळेच कोष विकले तर पुढच्या साली अंडी कुठून येणार? म्हणून चांगले, भरीव कोष निवडून, त्यांच्या माळा करून, थंड जागी टांगून ठेवायचे. उभा उन्हाळा ते जिवंत राहिले तर पावसाळ्यात पतंग निघतात. हातात पैसा नसलेल्या माणसाला हे कोष राखणे किती जड जात असेल, ते तुम्हां-आम्हांला सांगायला नको. उत्तम कोषालाच उत्तम भाव, आणि तोच बाजूला ठेवायचा!

तरीही नुसते राखून भागत नाही. रेशीमकिड्याला पेब्रीन नावाचा रोग होतो. तो आईच्या पोटातून अंड्यात उतरतो. अंडे बघून काही कळत नाही, अळीही निघते. मग वाढ खुंटते, अळ्या मरू लागतात आणि त्यांच्या विष्ठेतून रोग निरोगी अळ्यांतही पसरतो. एक रोगी मादी सगळ्या झाडाचे पीक बुडवू शकते. एकोणिसाव्या शतकात या रोगाने फ्रान्समधील रेशीमधंदा पार बसवला होता. १८६५ मध्ये लुई पाश्चर या शास्त्रज्ञाला त्या कामावर पाठवले. पाच वर्षे झटून त्याने उपाय काढला तो औषधाचा नव्हे, निवडीचा. प्रत्येक मादीची अंडी वेगळी ठेवा. अंडी घालून झाल्यावर ती मादी वाटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. रोगाचे कण दिसले तर तिची सगळी अंडी जाळून टाका. टसरच्या बीजागारात आजही हेच करतात. अशा तपासलेल्या अंड्यांना रोगमुक्त अंडीपुंज म्हणतात.

आता आपल्या फडाकडे या. काणी आणि गवताळ वाढ हे उसाचे रोगही बेण्यातूनच येतात. कांडी वरून हिरवी, रसरशीत दिसते आणि रोग आत असतो. तरी आपण काय करतो? चांगला ऊस कारखान्याला घालतो आणि उरलासुरला, खोडव्याचा, शेजाऱ्याकडून उचललेला ऊस लागणीला वापरतो. पैसे वाचले असे वाटते. दोनतीन वर्षांनी एकरी टनेज घसरले, की दोष खताला, पाण्याला नाहीतर नशिबाला!

टसरवाल्याचा हिशेब उलटा आहे. त्याचे पहिले पीक बहुधा बियाण्यासाठीच असते, बाजार त्यानंतर. आपणही फडाचा एक कोपरा बेण्यासाठी राखावा. त्यात गरम बाष्पयुक्त हवेची प्रक्रिया केलेल्या मूलभूत बेण्यापासून वाढवलेले पायाभूत बेणे लावावे. रोगट बेट दिसताच मुळासकट उपटून जाळावे. बेणे दहा-अकरा महिन्यांचे असतानाच वापरावे आणि दर तीन-चार वर्षांनी बदलावे.

काही सभासद विचारतील, टसर आपल्याकडे करावे काय? ऐन-अर्जुनाची दाट राने नसताना त्यामागे लागू नये. पाण्याची ओढ असलेल्या मराठवाड्यात तुतीचे रेशीम मात्र अनेक शेतकरी करतात. २०१८ साली जालन्याच्या बाजार समितीत कोषांची खरेदीही सुरू झाली. पण तिथेही पहिला प्रश्न हाच विचारावा: अंडीपुंज तपासलेले आहेत काय?

पुढच्या वेळी बोरीवर कोशेटा दिसला तर पोरांना तोडू देऊ नका. आत पुढच्या सालचे बियाणे झोपलेले असते.