पिटो नळीतला बर्फ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

छोट्या विमानातील वेगमापक, उंचीमापक आणि चढ-उतारदर्शक ही तिन्ही उपकरणे बाहेरच्या हवेच्या दाबावर चालतात. पुढे तोंड करून बसवलेली पिटो नळी समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेते, तर विमानाच्या अंगावरचे बारीक छिद्र, म्हणजे स्टॅटिक पोर्ट, भोवतालच्या हवेचा स्थिर दाब घेते. या दोन दाबांतील फरकावरून वेग कळतो. उंची आणि चढ-उताराला स्थिर दाब पुरतो. नळी किंवा छिद्र बर्फाने बुजले, की उपकरणे ठणठणीत असूनही चुकीचे आकडे दाखवू लागतात.

गैरसमज : हा धोका थंड देशांत आणि हिवाळ्यातच असतो.
वस्तुस्थिती : हवा सर्वसाधारणपणे दर 1,000 फुटांमागे सुमारे 2 अंश सेल्सिअसने थंड होते. समुद्रसपाटीवर 15 अंश असतील, तर 7,500 फुटांवर हिमांक गाठला जातो. पावसाळ्यात महाराष्ट्रावर ही पातळी साधारण 16,000 फुटांच्या वर असते. धोका तिथेही असतो, फक्त अधिक उंचीवर. ढगातले पाणी शून्याखालीही द्रवरूप राहू शकते. असे अतिशीत थेंब विमानाला धडकताच गोठतात. शून्य ते उणे 20 अंश हा टप्पा त्यासाठी सर्वांत घातक.

गैरसमज : ढगात शिरलो नाही, तर बर्फ धरणार नाही.
वस्तुस्थिती : विमान धुताना किंवा ते पावसात उभे असताना नळ्यांमध्ये पाणी शिरू शकते. जमिनीवर त्याचा त्रास जाणवत नाही. वर गेल्यावर निरभ्र आकाशातही ते गोठते. म्हणून विमान उभे असताना पिटो नळीवर आच्छादन घालतात आणि उड्डाणापूर्वी ते काढून नळीचे तोंड, पाणी निचरायचे छिद्र आणि स्टॅटिक पोर्ट तपासतात.

गैरसमज : नळी बुजली की वेगमापकाचा काटा शून्यावर येतो, त्यामुळे बिघाड लगेच कळतो.
वस्तुस्थिती : फक्त पुढचे तोंड बुजले आणि निचऱ्याचे छिद्र मोकळे राहिले, तरच काटा शून्याकडे घसरतो. दोन्ही बुजली तर हवा नळीत कोंडली जाते. विमान वर चढेल तसा बाहेरचा दाब कमी होतो, फरक वाढतो आणि काटा वेग वाढल्याचे दाखवतो. 5,000 फुटांवर 100 नॉट दाखवणारा काटा आणखी 500 फूट चढल्यावर 140 नॉटच्या आसपास जातो. प्रत्यक्षात वेग तेवढाच असतो, कदाचित कमीही झालेला असतो. 1 डिसेंबर 1974 रोजी न्यूयॉर्कहून बफेलोला निघालेल्या नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या बोइंग 727 मध्ये हेच घडले. पिटो नळ्या तापवण्याची यंत्रणा, म्हणजे पिटो हीट, सुरू केलेली नव्हती. वेग फार वाढला असे समजून वैमानिकांनी नाक वर उचलले. विमान स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल गमावून, कोसळले आणि त्यातील तिघेही मरण पावले.
स्टॅटिक पोर्ट बुजले तर उंचीमापक जागीच थांबतो, चढ-उतारदर्शक शून्य दाखवतो आणि वर चढताना वेग खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

गैरसमज : बर्फ दिसला की पिटो हीट लावली म्हणजे पुरे.
वस्तुस्थिती : साचलेला बर्फ वितळायला वेळ लागतो, तोवर काटा फसवतच राहतो. तापमान हिमांकाजवळ असेल, तर ढगात किंवा पावसात शिरण्याआधीच पिटो हीट सुरू करावी लागते. जमिनीवर ती क्षणभर लावून अ‍ॅमीटरचा (विद्युतप्रवाह मोजणाऱ्या उपकरणाचा) काटा हलतो का, हे पाहतात. वाऱ्याचा गारवा नसल्याने जमिनीवर ती फार वेळ सुरू ठेवली तर जळू शकते. शिवाय ही यंत्रणा फक्त नळी तापवते. पंखांवरचा बर्फ तिने जात नाही. त्यामुळे पिटो हीट आहे एवढ्यावरून विमान बर्फाळ ढगांत नेण्यायोग्य ठरत नाही.

गैरसमज : काचेच्या पडद्याचे डिजिटल उपकरण आणि जीपीएस असल्यावर चिंता नाही.
वस्तुस्थिती : पडदा डिजिटल असला तरी दाब त्याच नळीतून येतो. जीपीएस जमिनीच्या तुलनेतला वेग सांगते. पंखाला लागतो तो हवेतला वेग. पाठीमागून 40 नॉटचा वारा असताना जीपीएसवर 100 नॉट दिसले, तर हवेतला वेग अवघा 60 नॉट असतो.

वेगमापकावर शंका आली, तर क्रम ठरलेला आहे : पिटो हीट तपासणे, ऑटोपायलट काढणे, विमानाच्या पुस्तिकेत दिलेली नाकाची स्थिती आणि इंजिनाची शक्ती कायम ठेवणे, पर्यायी स्टॅटिक व्हॉल्व्ह उघडणे, आणि खालचा भूभाग पाहून उबदार हवेत उतरणे. पर्यायी व्हॉल्व्ह केबिनमधला दाब घेतो. तो बहुधा बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असल्याने वेग आणि उंची थोडी जास्त दिसते, हे लक्षात ठेवावे. पण हा क्रम पुढचा उपाय झाला. पिटो हीटचे बटण वेळेवर दाबणे हाच सर्वांत सोपा आणि स्वस्त प्रतिबंध आहे.